हॅपी न्यू इयर! (टिळक पंचांगानुसार)

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या रत्नागिरीत तीन गोष्टी एकदम वाढतात. एमएच-१२ आणि एमएच-१४च्या गाड्या, सुरमईचा भाव आणि ‘थिबा पॅलेसला कसं जायचं हो?’ हा प्रश्न. पुण्या-मुंबईची जनता थर्टी फर्स्टला समुद्र हवा म्हणून इकडे येते आणि इकडची तरुण जनता थर्टी फर्स्टला ‘लाइफ’ हवी म्हणून पुण्या-मुंबईला पळते. चिपळूणच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी दोघं एकमेकांना क्रॉस होतात आणि दोघांनाही वाटतं, समोरचा येडा आहे!

मी या दोन्ही पार्ट्यांत नाही. मी फ्रीलान्सर. म्हणजे बॉस नाही, पंचिंग कार्ड नाही आणि सुट्टी तर त्याहून नाही. थर्टी फर्स्टला माझा एकच प्लॅन असतो, डेडलाइन. सगळं जग रात्री बारा वाजता संकल्प सोडत असतं, तेव्हा मी पुढच्या आठवड्यासाठी ‘संकल्प मोडला? डोन्ट वरी!’ हा लेख लिहीत असते.

यंदा मात्र थर्टी फर्स्ट उजाडायच्या आधीच आमच्या घरात नवीन वर्षावरून राडा झाला. राडा म्हणजे आमच्या घरातला. त्यात कुणाचा आवाज चढत नाही, फक्त ताटातला भात तसाच राहतो. विषय होता, आपल्या घरानं पंचांग बदलायचं की नाही?

हसू नका. सांगते.

आमच्या घरात दोन पॉवर सेंटर्स आहेत. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ‘कालनिर्णय’. १९७३ साली सुरू झालेलं हे कॅलेंडर आमच्याकडे मराठी महिन्यांसाठी कमी आणि दुधाच्या हिशेबासाठी जास्त वापरलं जातं. गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे किती, बाबांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार, सगळं त्यावर. दुसरं सेंटर देवघराशेजारी, खिळ्याला दोरीनं टांगलेलं टिळक पंचांग. त्यावर कुणी काही लिहायचं नाही. त्यात लिहिलेलं आपण पाळायचं.

वर्षातले बहुतेक दिवस ही दोन्ही मंडळी गुण्यागोविंदानं नांदतात. पण भांडतात तेव्हा भांडण चांगलं महिनाभराचं असतं.

ज्यांना टिळक पंचांग म्हणजे काय हे माहीत नाही (म्हणजे कोकणाबाहेरच्या बहुतेकांना), त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा असा. आकाशात सूर्य ज्या वाटेनं फिरताना दिसतो, तिचे आपण बारा तुकडे केले. त्या राशी. आता गोल रस्त्यावर ‘शून्य किलोमीटर’चा दगड कुठे रोवायचा? बहुतेक पंचांगवाल्यांनी तो चित्रा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याच्या बरोब्बर समोर रोवला. लोकमान्य टिळकांचं म्हणणं पडलं, की तो रेवती नक्षत्रातल्या एका बारीकशा ताऱ्यापाशी हवा. दोन दगडांत अंतर साधारण चार अंशांचं, आणि सूर्य दिवसाला अंदाजे एक अंश सरकतो. म्हणजे फरक चार दिवसांचा. म्हणून तुमची मकर संक्रांत १४-१५ जानेवारीला आणि आमची १० जानेवारीच्या सुमारास. शाळेत असताना मी वर्गात सगळ्यांच्या आधी तिळगूळ वाटायचे आणि बाई विचारायच्या, “काय गं, वाढदिवस का?”

एवढ्यावर भागलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. खरा लोचा अधिक महिन्याचा. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची उधारी. ती फेडायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. आता सूर्याच्या रास बदलण्यातच चार दिवसांचा फरक असला, तर कधी कधी अधिक महिना तुमच्याकडे एक आणि आमच्याकडे भलताच! मग तेवढ्या काळातले आमचे सण तुमच्या महिनाभर आधी.

यातली सगळ्यात भारी गंमत म्हणजे हे लोकमान्य आमच्याच गावचे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले. जन्मस्थान टिळक आळीत आहे, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. सगळ्यांनी मिळून गणपती बसवावा म्हणून ज्यांनी सार्वजनिक गणेशोत्सव महाराष्ट्रभर नेला, त्यांच्याच नावाच्या पंचांगामुळे आम्ही काही वर्षी गणपती सगळ्यांच्या आधी, एकटेच बसवतो. ह्याला म्हणतात घरचा आहेर!

तर २०२३ साली हेच झालं.

त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रात १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. आमच्याकडे तोच साधा, रेग्युलर श्रावण. दादाचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. वहिनी पुण्याची, तिच्या माहेरी तुमचंच पंचांग. तिकडे धोंड्याचा महिना म्हणून जावईबापूंना तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा. इकडे आजीचा फोन, “श्रावण लागलाय, सूनबाईची पहिली मंगळागौर कधी?” तिकडून निरोप, “अधिकात कशी करणार? पुढच्या महिन्यात करू.” शेवटी दोन्ही घरं खूश ठेवायला वहिनीनं दोनदा मंगळागौर जागवली. हिंजवडीतल्या कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी मुलगी दोन महिने झिम्मा-फुगडी खेळत होती. तिनं तेव्हा जिमची फी वाचवली असं ती अजून सांगते.

मग आमचे गणपती आले. २० ऑगस्ट, रविवार. तुमचे होते १९ सप्टेंबरला.

दादानं सोमवार-मंगळवारची रजा टाकली. कारण : गणेश चतुर्थी. त्याचा मॅनेजर अस्सल मराठी. त्यानं दादाला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, “अरे, मी पण मराठीच आहे. गणपती सप्टेंबरमध्ये आहेत. रजा हवी तर नीट कारण दे ना राव!” दादानं टिळक पंचांग समजावलं. चित्रा, रेवती, चार अंश, सगळं. मॅनेजर दहा मिनिटं शांतपणे ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, “कारण क्रिएटिव्ह आहे.” दादानं आईकडून पंचांगाच्या पानाचा फोटो मागवून पाठवला. तो एचआरकडे गेला. एचआरकडून उत्तर आलं, की हा सण सुट्ट्यांच्या यादीत नाही, ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीतही नाही. वर त्याच वीकएंडला त्यांचं रिलीज. झालं! दादा रविवारी रात्री अकरा वाजता ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर आरती बघत होता.

इथपर्यंतचा किस्सा मी आजवर अनेक पार्ट्यांमध्ये सांगितला आहे. जाम हिट आहे. ‘कारण क्रिएटिव्ह आहे’ला लोक टेबलावर हात आपटून हसतात. पुढचा भाग मात्र मी सांगत नाही. आज सांगते.

त्या रविवारी मी कुठे होते?

मी मुंबईत होते. तेव्हा तिकडेच राहायचे. एका मासिकासाठी ‘बाप्पाच्या आगमनाची लगबग’ असा आठशे शब्दांचा फीचर लिहायचा होता. परळच्या कारखान्यांत फिरत होते, मूर्तिकारांना ‘यंदा काय नवीन?’ विचारत होते. बाप्पा माझ्या घरी पाटावर येऊन बसले होते आणि मी ते महिनाभरानं येणार म्हणून आठशे शब्द पाडत होते! मला रजा नाकारायला कुणी मॅनेजर नव्हता. माझी एचआर मीच. तिकिटाचं कारणही नव्हतं, कारण सगळं कोकण वेटिंग लिस्टवर लटकतं त्याच्या महिनाभर आधी आरामात जाऊन येता येतं, हाच तर टिळक पंचांगाचा एकमेव रोकडा फायदा. संपादकांना सोमवारी कॉपी हवी होती. मी एक दिवस मागितला असता तर त्यांनी दिलाही असता. मी मागितलाच नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबांनी आरती म्हटली, आईनं टाळ्या वाजवल्या, झांजा वाजवायला कुणी नव्हतं म्हणून शेजारच्या चौथीतल्या पोराला बोलावलं. मग फोन आजीकडे गेला. आजी म्हणाली, “एकवीस मोदक केले गं. पंधरा उरले.”

बस्स, एवढंच. रडली नाही, तक्रार नाही, हिशेब दिला फक्त. मी म्हटलं, “फ्रिजमध्ये ठेव.” हे वाक्य मला अजून अधूनमधून रात्री आठवतं.

१९ सप्टेंबरला ऑफिसला अधिकृत, एचआर-मान्य सुट्टी होती. दादा आणि वहिनी आले, मीही आले. सगळ्या आळीत ढोल, झांजा, मखरं, आणि आमच्याकडचं मखर माळ्यावर. आम्ही तिघं दिवाणखान्यात एअरपोर्टवर फ्लाइट चुकल्यासारखे बसून होतो. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, “बसलात काय? खोबरं खवायला या.” दादा म्हणाला, “अगं पण आपले गणपती तर झाले!” आजी म्हणाली, “मोदकाला कुठे पंचांग असतं?” त्या दिवशीचे एकवीस दहा मिनिटांत संपले.

आता यंदाचा राडा.

परवा, २४ डिसेंबरला, दादा-वहिनी एकदम आठ दिवसांसाठी घरी हजर. आईला आधी शंका आली, नोकरी गेली की काय! तसं काही नव्हतं. ऑफिसचा मेल आला होता, की शिल्लक रजा ३१ डिसेंबरपर्यंत वापरा, नाहीतर लॅप्स. दादाच्या आठ रजा शिल्लक. वर्षभर ‘काही इमर्जन्सी आली तर’ म्हणून जपून ठेवलेल्या. इमर्जन्सी आली नाही, म्हणून दादा आला.

रात्री जेवताना त्यानं विषय काढला. “आपण आता पंचांग बदलू या का? म्हणजे सगळ्यांचं आहे तेच. सुट्ट्या मॅच होतील. आम्हाला येता येईल.”

प्रपोजल तसं लॉजिकल होतं. वहिनी मान खाली घालून आमटी ओरपत होती, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. आईनं आजीकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

मग सुरुवात बाबांनी केली. बाबांनी बँकेत सदतीस वर्षं काढली. ते म्हणाले, “माझं विचाराल तर वर्ष एक एप्रिललाच लागतं. क्लोजिंगच्या रात्री दीड वाजता बॅलन्स टॅली झाला, की मी मनातल्या मनात हॅपी न्यू इयर म्हणायचो. बाकी पाडवा वगैरे आईच्या समाधानासाठी.” आई म्हणाली, “काहीतरीच! वर्ष पाडव्याला लागतं. गुढी उभारायला शिडीवर तुम्हीच चढता ना?” वहिनी म्हणाली, तिच्या माहेरच्या शेजारी गुजराती काका आहेत, त्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला लागतं, वह्यांची पूजा करून. मी पत्रकार, मीही मध्ये माहिती टाकली, की मार्गशीर्षाचं जुनं नाव आग्रहायण, म्हणजे वर्षाचा आरंभ. म्हणजे एकेकाळी डिसेंबरच्या आसपासच वर्ष लागत असणार. या नावाचा धागा पकडून टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हे आख्खं पुस्तक लिहिलं. वर्ष नक्की कुठून सुरू व्हायचं यावरून वेदांचं वय काढायला!

“बघ,” दादा म्हणाला, “टिळकांनाही हा प्रश्न पडला होता. म्हणजे काही फिक्स नाही. मग एक जानेवारीचं जग मान्य करायला काय हरकत आहे?”

इथे मला राहवलं नाही. म्हटलं, दादा, ज्या साहेबाकडून आपण एक जानेवारी घेतली, त्याचं स्वतःचंही काही फिक्स नव्हतं. इंग्लंडात १७५१पर्यंत कायद्यानं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ पासून ते १ जानेवारीला आलं, आणि त्याच वर्षी पंचांग दुरुस्त करायला त्यांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणली. मधले अकरा दिवस गायब! दादा क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “पगार कापला असेल का रे त्यांनी?” कॉर्पोरेट माणूस तो कॉर्पोरेट माणूस.

पण आपल्याकडेही सरकारनं हा घोळ निस्तरायचा प्रयत्न केलाय. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. सरकारी राजपत्रावर ती तारीख असते. बाकी तुम्ही आज सौर तारीख काय हे कुणाला विचारून बघा. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “चेकवर कुठली लिहायची ते सांग, मी लिहितो.”

एवढा वेळ आजी काही बोलली नव्हती. आजी चौऱ्याऐंशीची. तिनं ताक पिऊन भांडं खाली ठेवलं.

“तुमच्या सुट्ट्यांची यादी कोण करतं रे?”

“एचआर.”

“तो काय बघून करतो?”

“सरकारी यादी बघून. थोड्या मॅनेजमेंट ठरवतं.”

“म्हणजे त्यालाही कुणीतरी सांगतं तेव्हाच कळतं. आपल्याला टिळकांनी सांगितलं. त्यात काय एवढं?”

दादा हसला. आजी हसली नाही.

“बरं, गेल्या वर्षी दिवाळी कधी होती?”

“सगळ्यांची होती तेव्हाच.”

“आपलीही तेव्हाच होती. यादीतही होती ना? मग का नाही आलास?”

दादाचा घास हातात राहिला. गेल्या दिवाळीत त्याला क्लायंटचे कॉल होते, क्लायंटला दिवाळी नव्हती. मग आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी लगेच लोणचं मागितलं.

“पंचांग बदलायचं तर खुशाल बदला,” आजी म्हणाली. “माझं काय, थोड्या दिवसांनी वर जाऊन त्यांनाच विचारीन, की चार अंश सोडले तर चालतील का. पण आधी तू मला लिहून दे. बदललं की दरवर्षी येशील म्हणून. सही करून दे.”

दादानं लिहून दिलं नाही. कसं देणार? सगळ्यांच्या ताटात भात राहिला तो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला थिबा पॅलेस दाखवायला आम्ही तिघं गेलो. पर्यटकांची ही गर्दी! ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१०मध्ये बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच गेला. वहिनीनं मोबाइलवर बघून सांगितलं, की ब्रह्मदेशाचं नवीन वर्ष एप्रिलच्या मध्याला असतं, एकमेकांवर पाणी उडवून साजरं करतात. मी हिशेब केला, तीस नवीन वर्षं त्यानं अशा गावात काढली, जिथे त्याच्या नवीन वर्षाची सुट्टी एकाही कचेरीला नव्हती. दादा बराच वेळ खिडकीपाशी उभा होता. मग म्हणाला, “याची काय चॉइस नव्हती. मला आठ रजा होत्या यार.”

घरी आलो तर आईनं प्रश्न सोडवून टाकला होता. आमच्या घरात भांडण आजी जिंकते, पण प्रश्न आईच सोडवते. तिनं दादाला कंपनीची पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी प्रिंट काढून आणायला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाच रुपयांत काम झालं. मग तिनं टेबलावर तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. कालनिर्णय, टिळक पंचांग आणि एचआरचं पंचांग. हातात लाल पेन.

“आता सांगा,” आई म्हणाली. “जिथे तिन्ही जुळतात तिथे प्रश्नच नाही. जिथे जुळत नाहीत तिथे रजा. आत्ताच. डिसेंबरात शिळ्या करून आणायच्या नाहीत.”

दोन तास बसलो. ऑफिसात एवढं सिरियस प्लॅनिंग दादानं कधी केलं नसेल. रेल्वेचं रिझर्व्हेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं, पूर्वी एकशे वीस दिवस आधी व्हायचं. म्हणून प्रत्येक सणाच्या साठ दिवस आधीच्या तारखेला आईनं हिरवी फुली मारली : ‘तिकीट’. वहिनीनं तिच्या माहेरचे सण निळ्या पेनानं घातले. बाबांनी कुणाला न विचारता ३१ मार्चला गोल केला. विचारलं तर म्हणाले, “सवय.” आता फ्रिजशेजारी आमच्याकडे तीन कॅलेंडर्स आहेत. सुट्ट्यांच्या यादीला आजीनं हळदीकुंकवाचं बोट लावलं. म्हणाली, “तेही पंचांगच आहे, असू दे.”

लगेच दादानं लॅपटॉप उघडून नवीन वर्षाची पहिली रजा टाकली. दिवस : १० जानेवारीचा. कारण : मकर संक्रांत. मॅनेजर आता नवीन आहे, नाशिकची. तिचं अर्ध्या तासात उत्तर आलं, “१० की १४? टायपो आहे का?” दादानं चित्रा-रेवती वगैरे काही समजावलं नाही. लिहिलं, “टायपो नाही. आमच्या आजीची १०ला असते.” रजा मंजूर! खाली स्मायली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मी फ्रीलान्सर, मला कोण रजा देणार? आजी म्हणाली, “जो नाकारतो तोच.” मग मीही स्वतःला रीतसर मेल पाठवला. विषय : रजा. दिवस : घरात मोदक असतील ते सगळे. कारण : पंधरा उरतात. अजून उत्तर आलेलं नाही, मंजूर समजते आहे.

तर दोस्तहो, तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तुमच्याही इनबॉक्समध्ये तो लॅप्सवाला मेल येऊन पडला असेल. जिम, डाएट, पहाटे पाचला उठणं, या संकल्पांचं काय व्हायचं ते फेब्रुवारीत होईलच. त्याआधी एक काम करा. घरी फोन करा, आईला किंवा आजीला विचारा, की यंदा आपल्याकडे काय कधी आहे. तुमच्या एचआरच्या यादीत नसेल तर फारच उत्तम. तीच पहिली रजा टाका. कारण खरं लिहा. फार तर ‘क्रिएटिव्ह आहे’ म्हणतील.

बाकी थर्टी फर्स्टला रत्नागिरीत येत असाल तर आरे-वारेच्या किनाऱ्यावर बाटल्या टाकू नका, आणि कलमांना मोहोर आलाय का, एवढं कुणालाही विचारा. डिसेंबरात आमच्याकडे ‘हॅपी न्यू इयर’ असंच म्हणतात.

आणि तिळगूळ हवा असेल तर १० तारखेला घरी या. १४ला आलात तर उरलेला मिळेल. यंदा फारसा उरेल असं वाटत नाही.